काजूचा भाव उताऱ्यावर ठरवा : कोकणातल्या लोकप्रतिनिधींना आणि पणन खात्याला खुले पत्र

प्रति,
कोकणातील सर्व आमदार-खासदार, तसेच राज्याच्या पणन आणि कृषी खात्यांचे मंत्री व अधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

फेब्रुवारी लागला की दोडामार्गापासून दापोलीपर्यंत काजूची बी पडायला लागते आणि पहिल्या पंधरवड्यातच भावाची ओरड सुरू होते. मार्चमध्ये निवेदनं दिली जातात, एप्रिलमध्ये मोर्चा निघतो, मे महिन्यात वळीव पडून बी काळी पडते आणि जूनमध्ये सगळे भाताच्या पेरणीला लागतात. मग विषय थेट पुढच्या फेब्रुवारीत निघतो. हे पत्र आम्ही मुद्दाम हंगामाआधी लिहीत आहोत, कारण यात मागितलेली कामं हंगामाआधीच उरकावी लागतील.

दुधाला फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन घटक) पाहून दर मिळतो. उसाची एफआरपी, म्हणजे कायद्याने ठरलेला किमान दर, साखरेच्या उताऱ्यावर बांधलेली आहे, १०.२५ टक्के उतारा पायाभूत धरून. कापूस खरेदी केंद्रावर ओलावा मोजतात. काजूची बी मात्र गोणीत हात घालून, चार बिया कानाशी खुळखुळवून, नुसत्या नजरेच्या अंदाजाने घेतली जाते आणि गावातल्या सगळ्यांना एकच दर मिळतो. वेंगुर्ला-७ या जातीची टपोरी, तीन उन्हं खाल्लेली बी आणि काठीने झोडून पाडलेली, बोंडाचा गर चिकटलेली, सकाळच्या दवाने ओली बी एकाच काट्यावर एकाच भावाने जाते. आमचं मागणं एवढंच आहे की काजू बीचा भाव गराच्या उताऱ्यावर (किलोभर बीतून किती गर निघतो त्यावर) आणि ओलाव्यावर ठरावा, आणि तो मोजायची सोय प्रत्येक तालुक्यात असावी. आयात शुल्क, अनुदान, हमीभाव यांबद्दलही आम्हाला बोलायचं आहे, पण ते सगळं या एका गोष्टीनंतर येतं. तसं का, ते पुढे सांगतो.

कोकणातला आजचा काजू बराचसा एका सरकारी निर्णयाचं फळ आहे. १९९० साली राज्याने रोजगार हमीशी जोडलेली फळबाग लागवड योजना आणली. जिथे पूर्वी नाचणी-वरी व्हायची किंवा नुसतं गवत वाढायचं त्या वरकस जमिनीत पूर्ण अनुदानावर खड्डे खणले गेले, आंबा-काजूची कलमं उभी राहिली. पुढच्याच वर्षी, जुलै १९९१ मध्ये, रुपयाचं अवमूल्यन झालं आणि परवाना-राज मोडायला सुरुवात झाली. १९९५ मध्ये जागतिक व्यापार संघटना आली. १ एप्रिल २००१ ला आयातीवरच्या संख्यात्मक निर्बंधांचा शेवटचा मोठा हप्ता उठला. कच्ची काजू बी तर केरळातल्या कारखान्यांसाठी त्याच्या कितीतरी आधीपासून आफ्रिकेतून येत होती. कलम लावताना बागायतदारासमोर जो बाजार होता तो कलमं भरात येईपर्यंत पार बदलून गेला होता.

खुल्या बाजाराला आमचा विरोध नाही. आंबा-काजूच्या बागा सरकारी खरेदीवर कधीच जगल्या नाहीत. आमचं म्हणणं असं आहे की बाजार खुला झाला तो विकत घेणाऱ्याच्या बाजूने पुरता आणि विकणाऱ्याच्या बाजूने अर्धा. आयव्हरी कोस्टहून जहाजात चढणारी बी उताऱ्यावर विकली जाते. ८० किलोच्या पोत्यामागे किती पौंड गर, किलोला किती बिया, ओलावा किती टक्क्यांच्या आत, हे करारात लिहिलेलं असतं. तपासणीत उतारा कमी भरला तर त्या प्रमाणात भाव कापतात. आफ्रिकेतल्या बीला जे माप लागतं ते कोकणातल्या बीला लागत नाही. ज्या मालाला माप नाही त्याचा भाव पाडायला फार कष्ट पडत नाहीत.

आता हे माप कसं घ्यायचं ते सविस्तर लिहितो, कारण मंत्रालयात अनेकदा ‘ही तांत्रिक बाब आहे’ एवढ्यावर विषय संपतो. तांत्रिक असली तरी बाब सोपी आहे.

ढिगातल्या प्रत्येक पाचव्या-सहाव्या गोणीतून वरची, मधली आणि तळाची बी घ्यायची. नुसती वरची ओंजळ घेतली तर चाचणी फसली म्हणून समजा, कारण चांगली बी वर ठेवायची सवय सगळीकडे आहे. ती सगळी बी ताडपत्रीवर ओतून कालवायची, ढीग चपटा करायचा, त्याचे अधिक चिन्हासारखे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन ठेवायचे, दोन बाजूला सारायचे. असं करत करत दोन किलोवर आलं की एक किलो कापायला घ्यायची आणि एक किलो पिशवीत सीलबंद करून आठ दिवस ठेवायची, म्हणजे तंटा झाला तर पुन्हा तपासता येईल. मग बिया मोजायच्या. वेंगुर्ला-७ ची बी सरासरी १० ग्रॅमची, म्हणजे किलोला शंभराच्या आसपास. वेंगुर्ला-४ ची साधारण पावणेआठ ग्रॅमची, म्हणजे एकशे तीसच्या आसपास. आफ्रिकेच्या बीत हा आकडा पावणेदोनशे-दोनशेवर जातो. किलोत बिया जितक्या कमी तितका गर मोठा आणि बाजारातली प्रत वरची. डब्ल्यू-३२० म्हणजे पौंडाला ३०० ते ३२० गर आणि डब्ल्यू-२१० म्हणजे २०० ते २१०. दोन्हींच्या दरातला फरक कुठल्याही दुकानाच्या पाटीवर दिसतो.

यानंतर कापणी. हातकटरच्या दोन पात्यांत बी उभी धरायची आणि एका दाबात टरफलाचे दोन भाग करायचे. टरफलातला चीक बोटांना भाजतो, म्हणून रबरी हातमोजे, ते नसतील तर खोबरेल तेल आणि राख. ॲल्युमिनियमच्या ताटात पाच वाटण्या होतात. पांढराशुभ्र, भरलेला गर एका बाजूला. तपकिरी ठिपके किंवा कडेला डाग पडलेला दुसऱ्या बाजूला. सुरकुतलेला, कोवळा तिसऱ्या. बुरशी आलेला किंवा किडका चौथ्या. नुसतं टरफल निघालं ते पाचव्या. डागाळलेल्या ठिपक्यांत ढेकण्या या किडीने मारलेला डंख असतो आणि ओली बी गोणीत घामेजल्याचा डागही असतो. जाणकाराला ताटातल्या त्या दुसऱ्या वाटणीवरून बागेत फवारणी चुकली की खळ्यावर वाळवणी चुकली ते सांगता येतं.

चांगल्या गराचं पूर्ण वजन आणि डागी गराचं निम्मं वजन धरायचं, बाकी सोडून द्यायचं. समजा किलोभर बीतून चांगला गर २६२ ग्रॅम आणि डागी १६ ग्रॅम निघाला. २६२ अधिक ८ म्हणजे २७० ग्रॅम. उतारा २७ टक्के. व्यापाराच्या भाषेत सांगायचं तर २७० ला ०.१७६ ने गुणायचं, की पोत्यामागे साडेसत्तेचाळीस पौंड आले. हा गर सालीसकट आणि न भाजलेला असतो. वाळवून साल काढल्यावर वजन आणखी उतरतं, म्हणून कारखान्याच्या उताऱ्याशी त्याची तुलना करू नये. चाचणीची तुलना चाचणीशीच करावी. सरावलेल्या माणसाला एका चाचणीला अर्धा-पाऊण तास लागतो.

यात बागायतदाराच्या पदरात काय पडतं ते पाहा. पाया धरा २७ टक्के उतारा, ८ टक्के ओलावा, आणि उदाहरणापुरता १२० रुपये किलो दर. उताऱ्याच्या एका टक्क्याची किंमत झाली ४ रुपये ४४ पैसे. ज्याची बी ३० टक्के भरते त्याला १३३ रुपये मिळायला हवेत आणि ज्याची २४ भरते त्याला १०६-१०७. आज दोघांना १२० मिळतात. चांगल्या बागेतून दर किलोमागे तेरा रुपये निघून जातात ते वाईट बीच्या भरपाईत. मग कलमांची छाटणी, रोठ्यासाठी (खोड पोखरणाऱ्या किडीसाठी) बुंधे तपासणं, ढेकण्यासाठी पालवी, मोहोर आणि फळधारणा या तिन्ही वेळी फवारणी, हे सगळं कोणी कशासाठी करावं? बोंड पिकून खाली पडेपर्यंत थांबण्यापेक्षा काठी मारून चार दिवस आधी बी पाडणं परवडतं. खरेदीदार मग म्हणतो कोकणच्या बीचा उतारा घसरला, म्हणून दर कमी. तोही खोटं बोलत नसतो. एकाच दरात वाईट बीचा धोका धरावाच लागतो.

ओलाव्याचा हिशेब तर याहून सरळ आहे. नुकती वेचलेली बी १६ ते २० टक्क्यांपर्यंत ओली असते. ती ८ टक्क्यांवर आणल्याशिवाय साठवता येत नाही. २० टक्के ओलाव्याची १०० किलो बी वाळवली की ८७ किलो उरते. ११० रुपयांनी ओली विकली तर अकरा हजार मिळतात. तीच वाळवून तेवढेच पैसे हवे असतील तर १२६ रुपये दर मिळायला हवा. गावात वाळलेल्या बीला दोन-पाच रुपयेच जास्त मिळतात, म्हणून लोक संध्याकाळी वेचलेली बी सकाळी दुकानात नेऊन टाकतात. त्यातच पावसाळ्यात घेतलेली उचल त्याच दुकानात फेडायची असते. काट्यावर वर ‘घट’ म्हणून गोणीमागे किलो-दीड किलो कापली जाते ती वेगळी. ओलावा मोजला तर घट कापायचं कारणच उरणार नाही.

वाळवणीला मोठा खर्च लागत नाही. सिमेंटचं किंवा सारवलेलं खळं, पाच सेंटिमीटरचा थर, एका चौरस मीटरवर पंचवीस ते तीस किलो. म्हणजे टनभर बीला चाळीस चौरस मीटर जागा पुरते. दिवसातून पाच-सहा वेळा फिरवायची, ऊन उतरल्यावर गोळा करून झाकायची, दोन-तीन दिवसांत बी खुळखुळायला लागते. गरम बी लगेच गोणीत भरली की आतून पाणी सुटतं, म्हणून रात्रभर थंड होऊ द्यायची. गोणपाट वापरावं, प्लास्टिकच्या खताच्या पिशव्या नकोत. थप्पी लाकडी फळ्यांवर, जमिनीपासून वीतभर वर आणि भिंतीपासून हातभर लांब. एवढं पाळलं तर बी वर्षभर टिकते. मे महिन्यातल्या वळवासाठी मात्र गावोगावी छप्पर असलेली निदान एक सामायिक खळी हवी. घरोघरच्या अंगणात आता पत्र्याच्या शेड आणि फरशा आल्या आहेत आणि जुनी खळी राहिलेली नाहीत.

आता शुल्काकडे वळतो. २०१८ च्या अर्थसंकल्पात कच्च्या काजू बीवरचं आयात शुल्क ५ टक्क्यांवरून अडीच टक्क्यांवर आलं. अतिकमविकसित देशांना दिलेल्या सवलतीमुळे टांझानिया, मोझांबिक यांची बी तर शुल्काविना येते. दुसरीकडे २०१९ मध्ये सोलीव काजूवरचं शुल्क ४५ वरून ७० टक्क्यांवर नेलं, आणि त्याच वर्षी आयातीची किमान किंमत तुकड्याला किलोमागे ६८० आणि अख्ख्या गराला ७२० रुपये अशी बांधली. गराला कुंपण घातलं आणि बीला फाटक सताड उघडं ठेवलं. कारखान्याला संरक्षण आणि बागेला स्पर्धा, असा या दोन निर्णयांचा एकत्र अर्थ होतो. पश्चिम आफ्रिकेतला हंगाम फेब्रुवारी ते जून, म्हणजे नेमका आमचा. टांझानिया-मोझांबिकची बी त्याआधीच, ऑक्टोबर ते जानेवारीत निघते. आमची पहिली गोणी भरते तेव्हा कारखान्याच्या गोदामात जागा नसते.

म्हणून फेब्रुवारीच्या मध्यापासून मे अखेरपर्यंत शुल्क चढं आणि उरलेल्या साडेआठ महिन्यांत उतरतं ठेवावं, असं आमचं मत आहे. वर्षभर सरसकट वाढवा असं आम्ही म्हणत नाही. देशातल्या कारखान्यांची भूक देशातल्या बीने भागत नाही, हे आम्हाला माहीत आहे. पत्र लिहिणाऱ्यांत छोटे प्रक्रियादारही आहेत. साठ-सत्तर दिवसांच्या हंगामात वर्षभराची बी घेऊन ठेवायला जे खेळतं भांडवल लागतं ते त्यांना मिळत नाही. ऑगस्ट उजाडला की स्थानिक बी संपते आणि आयातीच्या बीवर कापणाऱ्या-सोलणाऱ्या बायांचं काम चालू राहतं. ते बंद पडलं तर गावातलीच पन्नास घरं बसतात.

पण नुसत्या शुल्काने काय होतं याचा धडा मोझांबिककडून घ्यावा. तो देश आपल्यासारखाच शेतीवर जगणारा आणि कधीकाळी काजूत जगात अग्रेसर होता. कच्ची बी बाहेर जाऊ द्यायची नाही आणि आपल्याच कारखान्यात सोलायची असं त्यांचं धोरण होतं. १९९० च्या दशकात जागतिक बँकेच्या आग्रहाने ते मोडलं आणि बीवरचा निर्यात कर टप्प्याटप्प्याने १४ टक्क्यांपर्यंत खाली आणला. हिशेब असा होता की बंधन उठलं की बाहेरचा चढा भाव थेट शेतकऱ्याच्या हातात पडेल. बी मोठ्या प्रमाणावर भारतात यायला लागली. तिथले बहुतेक कारखाने काही वर्षांत बंद पडले आणि हजारो कामगार घरी बसले, त्यांत निम्म्याच्या आसपास बाया. अभ्यासकांनी नंतर मोजलं तेव्हा सरासरी काजूवाल्या कुटुंबाचा फायदा वर्षाला पाच डॉलरच्या आसपास निघाला. बाकीचा भाव वाटेतल्या व्यापारात मुरला. विखुरलेला शेतकरी, एकच खरेदीदार, रस्ता नाही, साठवण नाही, माप नाही. अशा ठिकाणी वरून कर उतरवला काय किंवा चढवला काय, झाडाखालच्या माणसापर्यंत फारसं झिरपत नाही. आमची भीती नेमकी हीच आहे. उद्या शुल्क वाढवून कारखान्याच्या दारात बी पंधरा रुपयांनी महाग झाली, तर मोजमापाशिवाय त्यातले किती रुपये बागेत येतील?

उलट उदाहरणंही आफ्रिकेतच आहेत. टांझानियाने २००७ पासून काजूसाठी गोदाम पावतीची पद्धत आणली. बी सहकारी गोदामात प्रतवारी होऊन येते आणि लिलावाने विकली जाते. आयव्हरी कोस्ट हा आज जगातला सर्वांत मोठा काजू उत्पादक. तिथलं सरकारी मंडळ हंगाम सुरू होण्याआधी बागेच्या दारातला किमान दर जाहीर करतं. दोन्हीकडे तक्रारी आहेत, दर पाळला जात नाही असंही होतं. तरी दोन्ही देशांनी बाजार खुला ठेवून माप आपल्या हातात ठेवलं.

साठवून विकायची सोय आपल्याकडेही कागदावर आहेच. कृषी पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेत काजू बी बसते. मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज, सहा महिने मुदत, ६ टक्के व्याज. हिशेब करा. १,००० किलो बी, १२० रुपये दराने एक लाख वीस हजार. त्यावर नव्वद हजार उचलले तर सहा महिन्यांचं व्याज २,७०० रुपये, म्हणजे किलोला २ रुपये ७० पैसे. गोदामभाडं आणि दोन-तीन टक्के सुकवण धरली तरी सात-आठ रुपयांच्या आत काम होतं. भाव चढेलच याची खात्री कोणी देऊ नये, पश्चिम आफ्रिकेत पीक उदंड आलं की सप्टेंबरही थंड जातो. पण ओली बी विकावी लागत नाही, हा फायदा दरवर्षी नक्की आहे. तरीही कोकणात ही योजना फारशी चालत नाही. गोदाम तालुक्याला, बी डोंगरातल्या वाडीत, आणि एकेकाची बी दीडशे-दोनशे किलो. तेवढ्यासाठी टेम्पो परवडत नाही. गावाची बी जातवार एकत्र करून एकाच पावतीवर तारण ठेवता यायला हवी, आणि ती पावती विकास सोसायटीच्या किंवा महिला बचत गटाच्या नावाने निघायला हवी. गोदामात बी घेताना ओलावा मोजला नाही तर एका वाडीची ओली बी दुसऱ्या वाडीची वाळकी बी खराब करते, आणि मग दोन्ही वाड्या पुन्हा येत नाहीत.

अनुदानाबद्दल. २०२४ च्या हंगामासाठी राज्याने काजू बीला किलोमागे १० रुपये जाहीर केले, त्याबद्दल आम्ही आभारी आहोत. पण ते ज्याच्या हातात पावती त्यालाच मिळू शकतं, आणि कोकणात पावती मिळणं हेच अवघड. शेतकऱ्याकडून घेतलेल्या काजू बीवरचा जीएसटी खरेदीदाराने स्वतः भरायचा असतो. पावती फाडली की कर नोंदला गेला, म्हणून गावातला छोटा खरेदीदार पावती द्यायला नाखूश असतो. दुसरी अडचण सातबाऱ्याची. एका गटावर पंचवीस नावं, त्यातली अठरा मुंबईत. बाग सांभाळतो एक, संमतीपत्र आणायचं बाकीच्यांचं. शेजारच्या गोव्यात आधारभूत दर ठरवून बाजारभाव त्याखाली गेला की फरक नोंदणीकृत शेतकऱ्याला देतात. ती वाट आम्हाला जास्त पटते, कारण भाव चांगला असेल त्या वर्षी सरकारवर बोजा पडत नाही. मात्र आपल्याकडे ती आणायची तर कसणाऱ्याची नोंद ग्रामस्तरावर, पीक पाहणीवरून व्हावी. सहहिस्सेदारांच्या सह्यांवर अडू नये. आणि फरक ८ टक्के ओलाव्याच्या वजनावर द्यावा, नाहीतर सरकार पाण्याला अनुदान देईल.

आंब्याबद्दल इथे थोडंच लिहितो. २०१६ मध्ये राज्याने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या बंधनातून मोकळा केला आणि अडत खरेदीदाराकडून घ्यायची असं ठरवलं. कायदा चांगला होता. तरीही पेटी आजही वाशीच्या घाऊक बाजारातच जाते, कारण भाव तिथे ठरतो. रुमालाखालच्या बोटांनी ठरलेला तो भाव बागायतदाराला पट्टी (विक्रीचा हिशेब) आल्यावर कळतो. दार उघडून दिलं तरी बाहेर काटा, प्रतवारी आणि भावाचा फळा नसेल तर माल जुन्याच वाटेने जातो. काजूत तीच चूक नको.

मानांकनाचंही तेच. वेंगुर्ला काजूला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, पण महामार्गावरच्या दुकानात ‘कोकणचा काजू’ म्हणून जे पाकीट मिळतं त्यातला गर कुठला, हे सांगायची सक्ती कोणावर नाही. पाकिटावर बीचा मूळ देश छापायला लावा, एवढं पुरे. बोंडाचा विषय वेगळ्या पत्राचा आहे. बीच्या सहा ते आठ पट वजनाचं फळ आपल्याकडे झाडाखाली कुजतं, आणि सीमेपलीकडे गोव्यात त्याचाच व्यवसाय होतो.

आता नेमकं काय करायचं. प्रत्येक काजू-तालुक्यात येत्या जानेवारी अखेरपर्यंत निदान दोन चाचणी केंद्रं उभी करावीत, आठवडा बाजार भरतो त्या गावांत, विकास सोसायटीच्या किंवा खरेदी-विक्री संघाच्या असलेल्याच इमारतीत. सामान एवढंच लागतं. काजूसाठी जुळवलेला ओलावामापक, वैधमापन खात्याने मुद्रांकित केलेला मोठा काटा, ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा छोटा काटा, दोन हातकटर, ताटं, मोजे, ताडपत्री, वही. ओलावामापक भातासाठी जुळवलेला असेल तर तो काजूला चुकीचा आकडा देतो, म्हणून खरेदी करताना हे तपासावं, आणि दर हंगामाआधी ओव्हनमध्ये वाळवलेल्या नमुन्याशी ताडून पाहावं. दापोली विद्यापीठाचं वेंगुर्ल्यातलं फळ संशोधन केंद्र हे शिकवू शकतं. तालुक्यातली चार मुलं-मुली आठवडाभर तिथे पाठवली की काम सुरू होईल. चाचणीचा खर्च निम्मा विकणाऱ्याचा, निम्मा घेणाऱ्याचा. एकट्याने घेतला तर चाचणी त्याची, असा संशय येतो. ज्याची बी पन्नास किलोच्या आत आहे त्याला वेगळी चाचणी परवडणार नाही, त्यांची बी जातवार एकत्र करून एकच नमुना काढावा. वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ आणि रायवळ (गावठी) एकत्र मात्र करू नयेत, नाहीतर पुन्हा चांगल्याने वाईटाची भरपाई सुरू.

पहिल्या वर्षी कोणावर सक्ती नको. खरेदीदार आपल्या दराने घेवो, फक्त चाचणीचा आकडा आणि मिळालेला भाव शेजारी-शेजारी लिहिला जावा. वहीत आठ रकाने पुरतील : तारीख, वाडी, जात, वजन, ओलावा, किलोला बिया, उतारा, भाव. शेतकऱ्याचं नाव नको. त्या वहीचं पान दर सोमवारी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावं, आणि त्याची एक प्रत पणन खात्याकडे जावी.

आपले,
दोडामार्ग, सावंतवाडी, लांजा आणि राजापूर तालुक्यांतील काही काजू बागायतदार व छोटे प्रक्रियादार